गाठीचं नाव

लातूरच्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात शिरलं की आधी पाटी दिसते: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. पाटीखालच्या बाकड्यांवर बहुतेक बायका. कुणी बाटलीतलं पाणी संपवतेय, कुणी लघवी रोखून नंबराची वाट बघतेय. त्यांच्यात एखादा पन्नाशीचा गडी उपरण्याने अर्धा गळा झाकून बसलेला असतो. कानाखाली गाठ आहे. इथे आपण चुकून आलो असं त्याला सारखं वाटत असतं. ‘मला कशाला वो सोनोग्राफी?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की त्यात आता विनोद उरलेला नाही. आमच्याकडे सोनोग्राफी म्हणजे पोट, आणि पोट म्हणजे बाळंतपण.

इतिहास नेमका उलटा आहे. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५च्या जुलैत शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. तिथे धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र होतं. तुलनेसाठी कारखानदारांनी मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. कुठली गाठ पाण्याची आणि कुठली भरीव, हे लहरींच्या परतण्यावरून ओळखता येतं, हे त्या दिवशी दिसलं. पुढे १९५८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला, त्याचा विषयही पोटातल्या गाठी हाच होता. गर्भ नंतर आला. उपरण्याने गळा झाकलेला आमचा गडी म्हणजे या यंत्राचा मूळ मालक, असं म्हटलं तरी चालेल.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्याकडे माणूस क्वचित येतो, गाठीतून सुईने काढलेल्या पेशींच्या काचा येतात. तेव्हा पुढे जे लिहितोय ते सुईच्या बाजूच्या माणसाने लिहिलंय, हे वाचकाने ध्यानात ठेवावं. माझं म्हणणं एवढंच, की रसग्रंथीची सोनोग्राफी ही तपासणी आहे आणि आपण तिला निकालपत्र करून टाकलंय. यात यंत्राचा दोष कमी आणि आपल्या सवयींचा जास्त आहे.

आधी शब्द. मराठीला गाठींची ओळख जुनी आहे. पायाला काटा मोडला, जखम चिघळली, की जांघेत जे सुजून येतं त्याला अवधाण म्हणतात. गळ्याभोवती गाठींची माळ उठली तर गंडमाळ. लेकराच्या डोक्यात उवा किंवा खवडे झाले की मानेमागे गोट्या लागतात, त्याला नावही नाही, कारण आईला त्याचं कारण ठाऊक असतं. ‘अवधाण’ हा फार शहाणा शब्द आहे. त्यात गाठीचा संबंध लगेच जखमेशी जोडलेला आहे: गाठ जांघेत असली तरी बघायचं पायाकडे. ग्रंथी म्हणजे नाक्यावरची चौकी. त्या भागातून येणारा रस तिथे गाळला जातो, आणि मुलखात काही घडलं की चौकीवर गर्दी होते. नुसत्या गर्दीवरून आत काय घडलंय ते कळत नाही.

गर्दीवरून निष्कर्ष काढण्याचा एक प्रसंग मराठवाड्याने मोठ्या प्रमाणावर अनुभवलाय. ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात लोकांना ताप आणि जांघेत गाठी येऊ लागल्या. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष व्हायचं होतं. प्लेग म्हणून बातमी झाली. १९६६नंतर देशात प्लेगची नोंद नव्हती. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि शहर रिकामं होऊ लागलं. रोग खरंच प्लेग होता की नाही, यावर तज्ज्ञांत कैक महिने वाद चालला, कारण नमुने नीट घेतले गेले नव्हते, नीट वाढवले गेले नव्हते. पुढे आपल्या शास्त्रज्ञांनी जनुकीय तपासणीने तो प्लेगच असल्याचं दाखवलं. म्हणजे नाव बरोबर निघालं. पण नाव आधी आणि पुरावा नंतर, या क्रमाची किंमत देशाने भरली. गाठीतून सुईने काढलेला थेंब प्रयोगशाळेत वेळेवर, जिवंत पोहोचणं, सगळा प्रश्न एवढाच होता.

आता सोनोग्राफीत दिसतं काय? मानेसाठी वेगळा प्रोब लागतो, सपाट तोंडाचा, जास्त कंपनांचा. तो फार खोल जात नाही, चार-पाच सेंटीमीटरमध्ये त्याचं राज्य संपतं, पण तेवढ्या खोलीत तो बोटाला न लागणारी तीन-चार मिलिमीटरची ग्रंथीही दाखवतो. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी दिसते: लांबट, कडा काळसर, मधे पांढरट पट्टा. तो पट्टा म्हणजे तिचा देठ. रंगीत डॉपलर लावला की त्या देठातून रक्तवाहिनी आत शिरताना आणि झाडासारखी फांद्या फोडताना दिसते. ग्रंथीची रुंदी लांबीच्या निम्म्याहून कमी असेल तर बहुधा काळजी नसते. आजारी ग्रंथी गोल होत जाते, देठ पुसला जातो, रक्त देठाऐवजी कडेकडून शिरू लागतं. क्षयाच्या गाठी एकमेकींना चिकटतात, आतून वितळून काळ्या होतात, आजूबाजूचं मांसही सुजतं. थायरॉइडच्या एका कॅन्सरची गाठ असेल तर तिच्यात रव्यासारखे पांढरे कण चमकतात. लिम्फोमात, म्हणजे ग्रंथींच्याच कॅन्सरात, कधीकधी आत बारीक जाळी दिसते. हाँगकाँगच्या अनिल आहुजा आणि मायकेल यिंग यांनी मानेतल्या ग्रंथींच्या या खुणा वर्षानुवर्षं बसून जमवल्या. तिथेही क्षय आहे, घशाचा एक खास कॅन्सरही आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून बघायची सोय त्यांना होती.

खुणा सुंदर आहेत. गोची अशी, की त्या एकमेकींच्या अंगणात जातात. जबड्याखालची निरोगी ग्रंथीही स्वभावाने गोलसर असते. क्षयातही देठ पुसला जातो. तोंडाच्या कॅन्सरची गाठ आत वितळते तेव्हा ती क्षयासारखीच काळी दिसते. आणि कॅन्सरच्या पेशी नुकत्या येऊन बसल्या असतील तेव्हा ग्रंथी अगदी देठासकट गुणी मुलीसारखी दिसते. चित्रावरून रोगाचं नाव थेट सांगता येतं अशी माझ्या आठवणीतली एकच लखलखीत जागा आहे: हत्तीरोग. अंडकोशातल्या फुगलेल्या रसवाहिन्यांमध्ये जिवंत कृमी वळवळताना पडद्यावर दिसतात. ब्राझीलच्या डॉक्टरांनी १९९४मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि त्या वळवळीला ‘फायलेरियाचा नाच’ असंच नाव पडलं. नांदेड आणि लातूर दोन्ही राज्याच्या हत्तीरोगाच्या यादीतले जिल्हे, तेव्हा हा नाच आमच्या भागातल्या रेडिओलॉजिस्टने बघून ठेवलेला बरा. पण तिथे आरोपी स्वतःच हलतोय. बाकी सगळीकडे फक्त विस्कटलेलं घर दिसतं.

इथे लातूरचा एक स्वभाव आडवा येतो. आमचं शहर ‘लातूर पॅटर्न’चं. राज्यभरातली पोरं इथे येऊन चारपैकी एक पर्याय निवडायला शिकतात आणि त्यातली पुष्कळशी डॉक्टर होतात. मला त्याचं कौतुकच आहे, माझ्या घरातलंही एक पोर त्याच रांगेत होतं. पण रिपोर्टही तसाच वाचला जातो: अ) साधी, ब) टीबी, क) कॅन्सर, ड) यापैकी नाही. रिपोर्टात ‘रिॲक्टिव्ह’ लिहिलं की घरचे पेढे वाटतात. ‘नेक्रोटिक’, म्हणजे आतून मेलेली, असं लिहिलं की कुणीतरी टीबीच्या गोळ्या चालू करतो. प्रत्येक रिपोर्टाच्या तळाशी ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ असं छापलेलं असतं, आणि ते बसच्या तिकिटामागच्या नियमांइतकंच वाचलं जातं. खरं तर रेडिओलॉजिस्टचं सगळं शहाणपण त्या एका ओळीत असतं. तो सांगतोय: मी सावली पाहिली, माणूस तुम्ही पाहा. तोंड उघडून गालात पांढरा चट्टा आहे का बघा, दात बघा, छाती ऐका, वजन विचारा. म्हणजे अवधाण ठाऊक असलेली आजी जे करते तेच.

गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर आलेल्या चिठ्ठ्यांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. मानेत गाठ, सोनोग्राफी, ‘टीबी असू शकतो’, गोळ्या. दोन महिन्यांनी गाठ मोठी. मग पुन्हा सोनोग्राफी, आणि चौथ्या महिन्यात सुई. आता हे अवघड आहे, कारण खऱ्या क्षयातही औषध चालू असताना गाठ काही काळ वाढू शकते. शरीर जागं होतं आणि मेलेल्या जंतूंवर तुटून पडतं. सुरुवातीला पुरावा घेतलेला असेल तर ही वाढ समजून घेता येते, थांबता येतं. पुरावाच नसेल तर डॉक्टर आणि रोगी दोघंही अंधारात. माझ्यापर्यंत आलेल्या अशा काचांत कधी क्षय निघतो, कधी लिम्फोमा. लिम्फोमा निघतो तेव्हा त्या चार महिन्यांचा हिशेब कुणी विचारत नाही, कारण कुणी जाणूनबुजून चूक केलेली नसते. प्रत्येकाने आपापला कागद बरोबर लिहिलेला असतो.

केंद्र सरकारने २०१६मध्ये फुप्फुसाबाहेरच्या क्षयासाठी ‘इंडेक्स-टीबी’ नावाच्या सूचना काढल्या. त्यात ग्रंथीच्या बाबतीत सांगणं सरळ आहे: सुई घाला, काच बघा, आणि तोच थेंब सीबीनॅटला द्या. सीबीनॅटचं कार्ट्रिज दोनेक तासांत जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिन या औषधाला दाद देतो का, हे सांगतं. म्हणजे नाव कळायला लागणारा वेळ उदगीर ते लातूर एसटीच्या प्रवासाहून फार जास्त नाही. तरी चार महिने जातात.

चित्र किती सांगतं हे चित्रावर ठरतच नाही, ते आपण विचारलेल्या प्रश्नावर ठरतं. हे पटवायला दोन मोठे अभ्यास शेजारी ठेवतो.

पहिला आपला, मुंबईच्या टाटा मेमोरियलचा. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर आहे, मानेत गाठ लागत नाही. मग मानेतल्या ग्रंथी आत्ताच काढाव्यात की गाठ आल्यावर? डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४पासून रुग्णांना दोन गटांत विभागलं. गाठ येण्याची वाट बघायची असेल तर पाठपुराव्यात सोनोग्राफीचा काही उपयोग होतो का, हाही प्रश्न त्याच अभ्यासात घातलेला होता. २०१५मध्ये निकाल आला: आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आणि वरवर कोऱ्या वाटणाऱ्या त्या मानांमध्ये, ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर, दहातल्या जवळजवळ तिघांत कॅन्सर आधीच पोहोचलेला होता. गुटखा-तंबाखूच्या मुलखाला याहून महत्त्वाचा आकडा नाही. राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि देगलूर-उदगीरच्या सीमेवर ती बंदी किती पातळ आहे हे पानटपरीवाल्याला विचारा. तर तोंडाचा कॅन्सर असलेल्या माणसाच्या मानेत सोनोग्राफीला काही दिसलं नाही, म्हणून मान सोडून देऊ नका.

दुसरा मिलानच्या तज्ज्ञांनी चालवलेला, स्तनाच्या कॅन्सरचा, ‘साउंड’ नावाचा. दोन सेंटीमीटरपर्यंतची छोटी गाठ, काखेच्या सोनोग्राफीत संशयास्पद ग्रंथी नाही. अशा बाईची काख उघडायचीच नाही, असं केलं तर? १४००हून अधिक बायका. २०२३मध्ये छापलं गेलं: पाच वर्षांनी दूर पसरल्याशिवाय असलेल्या बायका एका गटात ९७.७ टक्के, दुसऱ्यात ९८. काख उघडलेल्या गटात सुमारे १४ टक्क्यांच्या ग्रंथीत कॅन्सर होता, म्हणजे सोनोग्राफी इथेही सगळं पाहत नव्हती. तरी फरक पडला नाही. कारण स्तनाच्या छोट्या कॅन्सरला पुढची औषधं, किरणं आहेत, आणि न दिसलेल्या त्या चिमूटभर पेशी त्यांच्या हाती सापडतात.

तेच यंत्र, तोच ‘संशयास्पद ग्रंथी नाही’ हा शेरा. काखेत त्याचा अर्थ ‘चाकू ठेवा खाली’, मानेत त्याचा अर्थ जवळपास काहीच नाही. मला हे विलक्षण वाटतं. आणि ‘साउंड’चा निकाल वाचून आमच्याकडे कुणी घाईने शहाणं होऊ नये, हेही सांगायला हवं. त्या अभ्यासातल्या बायकांच्या गाठी जेमतेम सेंटीमीटरभराच्या होत्या. किनवटकडून येणारी बाई लिंबाएवढी गाठ घेऊन येते, कारण ती आधी सगळ्यांचं जेवणखाण आटपते. तिच्या काखेला तो निकाल लागू नाही.

आता कायदा. त्याला टाळून मराठवाड्यात सोनोग्राफीवर लिहिणं म्हणजे दुष्काळ टाळून उसावर लिहिण्यासारखं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८मध्ये केला, केंद्राचा १९९४चा, तो १९९६पासून लागू झाला. तो कागदावरच राहिला म्हणून ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि मग यंत्रांची नोंदणी गंभीरपणे सुरू झाली. त्यानंतरही २००१ ते २०११ या दशकात बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुलींचा आकडा ८९४वरून ८०७वर उतरला. बीड म्हणजे आमचा शेजार. आम्ही त्या आकड्याला परका म्हणू शकत नाही.

डॉक्टरांची तक्रार अशी: मानेवरच्या सपाट प्रोबला गर्भ दिसत नाही, मग गाठीच्या तपासणीला गर्भाचा कायदा का? यंत्र नोंदलेल्या जागेतून हलवता येत नाही, २०१२पासून पोर्टेबल यंत्रावर आणखी बंधनं आली, रेडिओलॉजिस्टला जिल्ह्यात दोनच केंद्रं. फॉर्ममधली चूकही गुन्हा, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढायला नकार दिला. त्यामुळे यंत्र सहसा गावोगावी रोग्याकडे जात नाही, रोगी यंत्राकडे जातो. ही तक्रार खोटी नाही. पण ‘सपाट प्रोबला मोकळीक द्या’ ही मागणी मला मान्य नाही. प्रोब बदलायला पाच सेकंद लागतात. हल्ली तर एकाच प्रोबमध्ये उथळ आणि खोल दोन्ही बघणारी खिशातली यंत्रं आली आहेत. ज्या मुलखाने हे यंत्र एकदा तसं वापरलं, त्याने विश्वासाची उधारी मागू नये.

शिवाय, खरं सांगायचं तर कायदा आमच्या आड तेवढा येतच नाही. गळ्याच्या सोनोग्राफीला गर्भवतीचा फॉर्म भरावा लागत नाही. नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत यंत्र नोंदलेलंच आहे, त्याच इमारतीत कान-नाक-घसा विभाग आहे, पॅथॉलॉजी आहे, सीबीनॅट आहे. आड येतो तो जिना. सोनोग्राफी एका मजल्यावर, सुई दुसऱ्या, कार्ट्रिज तिसऱ्या, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळी तारीख. खाजगीत हेच नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या गल्ल्यांत होतं, फक्त जिन्याऐवजी रिक्षा. भोकरहून आलेला माणूस पहिल्या दिवशी चित्र काढून घेतो, आणि सुईसाठी ‘सोमवारी या’ म्हटलं की बऱ्याचदा येत नाही. तोपर्यंत चित्र हाच त्याचा निकाल झालेला असतो. त्याला दोष कसा द्यायचा? त्याने पैसे मोजून एक कागद विकत घेतलाय आणि त्यावर छापील अक्षरं आहेत.

दुसरीही एक भीती आहे, आणि ती फक्त अडाण्यांची नाही. ‘गाठीला सुई लावली की पसरते.’ मानेच्या ग्रंथीत बारीक सुई घातल्याने रोग पसरणं इतकं विरळ आहे की त्यापायी सुई टाळणं म्हणजे विंचवाच्या भीतीने पायताणच न घालणं. या भीतीत खरं एवढंच, की आमच्याकडे सुई फार उशिरा लागते. आधी लेप, मग गोळ्या, मग दोन सोनोग्राफ्या, मग सुई, मग बार्शीचं कॅन्सर रुग्णालय. ‘बार्शीला नेलं’ म्हटलं की आमच्याकडे ऐकणारा पुढचं विचारत नाही. १९८७पासून तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, म्हणजे आमच्या भागाचं दुःख निदान कुणीतरी मोजून ठेवलंय. सुई आणि बार्शी यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर असलं, तर लोकांनी रोग सुईमुळे पसरला असंच समजायचं ना?

आता माझ्या बाजूचाही दोष. नुसत्या बोटाने गाठ धरून घातलेल्या सुईतून जे येतं, त्यात कित्येकदा रक्त आणि चरबी एवढंच असतं. ‘सामग्री अपुरी’ असं मी लिहितो आणि माझाही कागद बरोबर असतो. गाठ मोठी, पण मधोमध वितळलेली, तिथून काढलं की मेलेला चुरा मिळतो, पेशी सगळ्या कडेला. कुठे घालायची हे बोटाला दिसत नाही, प्रोबला दिसतं. सोनोग्राफीची या कामातली सगळ्यात मोठी मदत मला हीच वाटते: चारपैकी कुठली ग्रंथी, आणि त्या ग्रंथीचा कुठला कोपरा. ब्रिटनमध्ये मानेच्या गाठींसाठी एकाच भेटीत तपासणी, सोनोग्राफी आणि सुई उरकणारे दवाखाने चालतात. त्याला इमारत लागत नाही, तीन माणसांची एकच दुपार लागते. आमच्या दोन्ही शासकीय महाविद्यालयांना ते जमण्यासारखं आहे, कारण माणसं आहेत. गर्दी आहे हे उत्तर मला मिळतं. पण तोच माणूस चार वेळा आला तर गर्दी चौपट दिसणारच.

अशी दुपार मी मोजून काही वेळा अनुभवलीय, तीही ओळखीवर, सवड काढून. देवणीकडचा एक जण होता, उपरणंवालाच. रेडिओलॉजिस्टने प्रोब टेकवला, गाठींची चळत दिसली, त्यातली मधली सोडून कडेची निवडली. मी सुई आडवी घातली. पडद्यावर सुईचं टोक पांढऱ्या ठिपक्यासारखं चमकलं, काळ्या कडेत शिरलं, थांबलं. माणूस डोळे मिटून होता, त्याला टोचल्याचं फारसं कळलं नाही. काचेवर पिवळट थेंब पसरला, पुन्हा एक सुई, दुसरी काच. रेडिओलॉजिस्टने विचारलं, ‘पुरे का?’ मी खिडकीशी जाऊन काच उजेडात धरली. ‘पू आहे,’ म्हटलं, ‘उरलेलं सीबीनॅटला द्या.’ गड्याने उपरणं पुन्हा गळ्याभोवती घेतलं आणि विचारलं, ‘सायेब, चारची गाडी घावंल का?’ पावणेतीन झाले होते.